हार्बिन आणि एक राहिलेलं उत्तर

सुट्टीत नात आली की आमच्या घरावर कोरियाचं राज्य येतं. सकाळी उठल्यावर ती मला "आजी, आन्योंग" म्हणते, दुपारी लालभडक नूडल्स शिजवते आणि रात्री टीव्हीसमोर ठाण मांडते. तिच्या मालिकांमधली नावं काही माझ्या लक्षात राहत नाहीत. एकट्या ह्युन बिनला मात्र मी ओळखते. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' या मालिकेत तो सैन्यातला कॅप्टन होता. ती मालिका नातीने माझ्यासमोर दोनदा पाहिली आहे, त्यामुळे मीही दीड वेळा पाहिली असं म्हणायला हरकत नाही.

तर या वेळी ती म्हणाली, "आजी, आज तुझ्या विषयाचा सिनेमा लावते. ह्युन बिनच आहे, पण इतिहास आहे."

मी म्हणाले, "कोरियाचा इतिहास माझा विषय कधी झाला?"

"इतिहास तो इतिहास," ती म्हणाली आणि तिने लावलाही.

सिनेमाचं नाव 'हार्बिन'. २०२४ सालचा, दिग्दर्शक वू मिन-हो. ज्याच्यावर सिनेमा आहे त्याचं नाव आन जुंग-गुन. २६ ऑक्टोबर १९०९ या दिवशी मांचुरियातल्या हार्बिन स्टेशनवर त्याने जपानच्या इतो हिरोबुमीला गोळ्या घातल्या. कोरियात हे नाव पोराबाळांनाही ठाऊक असतं म्हणे. मला, तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला, ते ठाऊक नव्हतं. आधी हे कबूल करून टाकते.

परभाषेतल्या सिनेमाची माझी अडचण म्हणजे खाली पळणारी इंग्रजी अक्षरं. माझं बी. ए. मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचता येतं, पण बैलगाडीच्या चालीने. अर्धं वाक्य वाचून होतं तोवर दुसरं येतं, आणि नातीला मधे मधे थांबवायला लावलं की तिचा जीव कासावीस होतो. पण या सिनेमात माणसं फार बोलतच नाहीत. एक जण एखादं वाक्य बोलतो. समोरचा गप्प. अंधारी खोली, टेबलाभोवती चार-सहा माणसं, खिडकीतून आलेली उजेडाची एक पट्टी, सिगारेटचा धूर. मला वाचायला वेळ मिळाला आणि वाचून झाल्यावर त्या माणसाचा चेहरा बघायलाही. असं फार दिवसांनी झालं.

सुरुवात गोठलेल्या नदीवर होते. तुमेन नदी, कोरिया आणि रशियाच्या सरहद्दीवरची. नजर पोहोचेल तिथवर बर्फ, त्यात तडकलेल्या काचेसारख्या काळ्या रेघा, आणि त्यावरून एकटाच चाललेला एक माणूस. चालता चालता तो कोसळतो. पार्श्वसंगीताचा गदारोळ नाही, कुणी निवेदक नाही. हा कोण, कुठून आला, याचं काय हरवलंय, काहीच आपल्याला सांगत नाहीत. मी नातीला विचारलं, "याला झालंय काय?" ती म्हणाली, "कळेल गं. बघ की."

कळतं ते असं. आन जुंग-गुन हा कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकडीचा नायक. एका लढाईत त्याच्या हाती जपानी कैदी लागतात. सोबती म्हणतात, मारून टाकू. तो म्हणतो, नाही. युद्धकैद्याला मारायचं नसतं, तसा आंतरराष्ट्रीय कायदा आहे. आणि तो त्यांना सोडून देतो. सुटलेला जपानी अधिकारी सरळ जाऊन फौज घेऊन येतो आणि मागे राहिलेले सोबती कापले जातात. बर्फावरून चालणारा माणूस हे ओझं घेऊन चाललेला असतो. परत आल्यावर उरलेले लोक त्याच्याकडे कसे बघतात ते पाहण्यासारखं आहे. कुणी ओरडत नाही. पण एक जण त्याच्याशी नजर मिळवत नाही, दुसरा प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाटही बघत नाही.

इथे मी नातीला थांबवलं आणि चहा टाकला. कारण मला जरा गडबडायला झालं होतं. आपल्याला सवय असते ती अशी की नायक चुकत नाही, आणि चुकला तर ती चूक त्याच्या वाईटपणाची असते. हा चुकला तो चांगलं वागल्यामुळे. बरं, ती चूक होती असंही सिनेमा म्हणत नाही. फक्त मेलेली माणसं दाखवतो.

आता थोडं इतिहासाबद्दल, कारण त्याशिवाय मला राहवत नाही.

आन जुंग-गुनचा जन्म १८७९ चा, ह्वांगहे प्रांतातला, खात्यापित्या घरातला. छाती-पोटावर सात तीळ होते म्हणून घरी त्याला 'उंग-चिल' म्हणत. 'चिल' म्हणजे सात. तरुणपणी त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला, थॉमस हे नाव घेतलं. आणि मला सगळ्यात जवळचं वाटलं ते हे की बंदूक हाती घेण्याआधी तो शाळा चालवत होता. १९०६ मध्ये जिन्नाम्पो नावाच्या बंदराच्या गावी त्याने घरचा पैसा घालून दोन शाळा उभ्या केल्या, साम्हुंग आणि दोनुई. म्हणजे आमच्याच जातकुळीतला माणूस! खडू, फळा, फीची तजवीज. १९०७ मध्ये जपानने कोरियाच्या सम्राट गोजोंगला पायउतार व्हायला लावलं आणि कोरियाचं सैन्यच बरखास्त केलं, तेव्हा हा देश सोडून व्लादिवोस्तोककडे गेला.

आणि इतो? इतो हिरोबुमीला मात्र मी चांगली ओळखत होते. मी तो शिकवला आहे! मेजी काळातला मोठा मुत्सद्दी, जपानचा पहिला पंतप्रधान, १८८९ च्या राज्यघटनेचा शिल्पकार. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धाचा धडा आला की मी रंगात येत असे. एका आशियाई देशाने युरोपातल्या बलाढ्य सत्तेला धूळ चारली, आणि ती बातमी ऐकून हिंदुस्थानातल्या लोकांच्या मनात उमेद जागी झाली. फळ्यावर लिहीत असे : 'आशियाच्या जागृतीची पहाट.' यात खोटं काही नव्हतं. आपल्याकडे तसं वाटलं होतंच. पण त्याच १९०५ साली, त्याच विजयाच्या जोरावर, जपानने कोरियाच्या गळ्यात संरक्षित राज्याचा करार अडकवला, आणि तो करायला जातीने गेला होता इतो. पुढे तिथला पहिला रेसिडेंट-जनरलही तोच झाला. १९१० मध्ये कोरिया पुरताच गिळला गेला. माझ्या पहाटेखाली एक देश अंधारात गेला होता आणि मला फळ्यावर तो कधी दिसला नाही.

गंमत म्हणजे, गंमत कसली, आन जुंग-गुननेच तुरुंगात लिहून ठेवलं आहे की रशियाचा पराभव झाला तेव्हा कोरियाच्या आणि चीनच्या लोकांनाही आनंद झाला होता. युद्ध सुरू करताना जपानच्या सम्राटाने पूर्वेची शांतता आणि कोरियाचं स्वातंत्र्य राखण्याची भाषा केली होती, आणि यांनी त्यावर विश्वास ठेवला होता. फसवणूक झाली ती तिथे. म्हणूनच गोळी झाडली, असं त्याचं म्हणणं.

पुन्हा सिनेमाकडे येते. दोन तासांच्या आसपासचा सिनेमा, आणि ज्या क्षणासाठी सगळे थांबलेले असतात तो क्षण दिग्दर्शकाने कसा दाखवावा? आपल्याकडे असता तर पिस्तूल संथ गतीने वर आलं असतं, डोळ्यांत अंगार, मागे ढोलताशे. इथे कॅमेरा एकदम उंच जातो. खाली स्टेशनचा फलाट, रांगेत उभे असलेले रशियन सैनिक, ठिपक्याएवढी माणसं. त्यातला एक ठिपका पुढे होतो. आवाज होतो. दुसरा ठिपका कोसळतो. मग "कोरिया उरा" अशी त्याची आरोळी ऐकू येते. 'उरा' म्हणजे रशियन भाषेत जयजयकार. तोही वरूनच, लांबून. मला असं वाटून गेलं की आधी गेलेले ते सोबती वरून हे बघताहेत. नात म्हणाली, "आजी, एवढंच? मला वाटलं क्लोजअप असेल." ह्युन बिनचा चेहरा ऐन वेळी दिसला नाही म्हणून ती जरा हिरमुसली होती.

असा संयम मी मराठीत एकदाच पाहिला होता, नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' या चाफेकर बंधूंवरच्या सिनेमात. १९७९ सालचा तो. त्यातही माणसं गर्जना करत नाहीत. तेव्हा मी शाळेत नवीनच होते आणि खरं सांगते, मला तो कोरडा वाटला होता. आता वय झाल्यावर वाटतं की कोरडी मीच होते.

याच दिग्दर्शकाने आधी केलेल्या एका सिनेमाबद्दल नातीने मोबाईलवर वाचून दाखवलं. 'द मॅन स्टँडिंग नेक्स्ट', २०२० सालचा, राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या हत्येवरचा. ती हत्या झाली २६ ऑक्टोबर १९७९ ला. म्हणजे इतोला मारलं तीच तारीख, बरोबर सत्तर वर्षांनी. आणि 'हार्बिन' तिकडे लागला २४ डिसेंबर २०२४ ला. त्याच्या तीन आठवडे आधी, ३ डिसेंबरच्या रात्री, तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला होता आणि संसदेने काही तासांत तो उलटवला होता. सिनेमात इतोच्या तोंडी या अर्थाचं बोलणं आहे की या देशाला राजे मूर्ख लाभले, पण संकट आलं की इथली साधी माणसं उठतात, आणि तीच त्रासदायक आहेत. सिनेमा आधीच तयार होता, बोलणं आधीच लिहिलेलं होतं, पण त्या डिसेंबरात थिएटरात बसलेल्यांना ते आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटलं तर नवल नाही.

आता इतिहासाच्या बाईने एक चूक काढायलाच हवी. सिनेमात ती लढाई बर्फात आणि चिखलात होते. प्रत्यक्षात ती १९०८ च्या उन्हाळ्यात, पावसात झाली. आन जुंग-गुनने आत्मवृत्तात लिहिलं आहे की कैद्यांना सोडलं ते सोडलं, वर ते म्हणाले की शस्त्रांशिवाय परत गेलो तर आम्हाला शिक्षा होईल, तेव्हा त्यांच्या बंदुकाही त्यांना परत दिल्या! सोबती संतापून निघून गेले. मग हल्ला झाला, तुकडी विखुरली आणि उरलेले दोघे-तिघे धो धो पावसात डोंगरांतून उपाशीपोटी कित्येक दिवस भटकले. सिनेमातला सुडाने पेटलेला जपानी अधिकारी आणि गटातला फितूर या कल्पनेतल्या गोष्टी. पण बंदुका परत देण्याची ही खरी गोष्ट कुणा लेखकाने कल्पनेतून लिहिली असती तर मी म्हटलं असतं, काहीतरीच.

आणि पुढचं ऐका. १९०९ च्या सुरुवातीला त्याने आणि अकरा सोबत्यांनी डाव्या हाताच्या अनामिकेचं पेर तोडून रक्ताने शपथ घेतली. पकडल्यावर त्याला लुशुनच्या, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या पोर्ट आर्थरच्या, तुरुंगात ठेवलं. खटला जपानी न्यायालयात चालला. त्याने इतोवरचे पंधरा आरोप सांगितले. १८९५ मधला राणीचा खून, १९०५ चा करार, सम्राटाला हटवणं, सैन्य मोडणं, आणि त्यांत एक असाही होता की कोरियाची शालेय पाठ्यपुस्तकं जप्त करून जाळली. (हे वाचताना मी जरा थांबले.) त्याचं म्हणणं एकच होतं. मी खुनी नाही, मी सैन्याचा अधिकारी आहे, युद्धात पकडला गेलो आहे, मला आंतरराष्ट्रीय कायद्याने युद्धकैदी म्हणून वागवा.

ज्या कायद्याने त्याने त्या जपान्यांना सोडलं होतं, तोच. त्याने दिला होता, त्याला मिळाला नाही. १४ फेब्रुवारी १९१० ला फाशीची शिक्षा झाली. त्याने अपील केलं नाही. 'पूर्वेची शांतता' या विषयावर तो एक ग्रंथ लिहीत होता, तो पुरा करायला थोडा वेळ मागितला होता. तो मिळाला नाही. २६ मार्च १९१० ला, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला फाशी दिली. ग्रंथ अर्धाच राहिला.

सिनेमा यातलं फारसं सांगत नाही. खटल्यातली भाषणं नाहीत. मला आधी वाटलं की एवढा मोठा मसाला का सोडला असेल? मग वाटलं, भाषणं ठेवली असती तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या आणि ते सोडलेले कैदी विसरून गेलो असतो.

रात्री झोप येईना. तारखा डोक्यात फिरत होत्या. माझं सगळं आयुष्य तारखांत गेलं, त्याला काय करणार. हार्बिन, २६ ऑक्टोबर १९०९. आणि बरोबर आठ आठवड्यांनी, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. 'शारदा' नाटकाचा खेळ होता, जॅक्सनच्या निरोपासाठी. तिकडे २६ मार्चला फाशी, इकडे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना. यांना त्यांची खबर नसणार, त्यांना यांची नसणार. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता, इतोचं चित्र पुढे जपानच्या हजार येनच्या नोटेवर कित्येक वर्षं होतं. इकडचा हुतात्मा तो तिकडचा खुनी, हे दोन्हीकडे सारखंच.

हे धडे मी फार तन्मयतेने शिकवत असे. गणेशखिंडीचा रस्ता, मिट्ट काळोख, "गोंद्या आला रे" ही खूण. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मला अभिमान होता त्याचा. तसाच एक तास, १९८४-८५ च्या सुमाराचा, नववीचा वर्ग. मी चाफेकरांचं सांगून संपवलं. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव, तिघे सख्खे भाऊ एकामागून एक फासावर गेले. मुलं भारावली होती. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. अभ्यासात बेताचीच, पण डोळे मोठे. म्हणाली, "बाई, तीन भाऊ गेले, मग घरात कोण राहिलं?"

मला राग आला. खरंच राग आला. मी एवढा उभा केलेला प्रसंग, आणि हिला घराचं पडलंय! मी म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही. बस खाली."

ती बसली.

आन जुंग-गुनचं घर या सिनेमात जवळजवळ नाहीच. म्हणून दुसऱ्या दिवशी नातीला बसवून मी त्याचा शोध घेतला. तीही उत्साहाने वाचून दाखवत होती. निघालं ते असं.

त्याची बायको किम आर्यो. तीन मुलं, एक मुलगी आणि दोन मुलगे. घरच्यांना कोरियातून आणण्याची व्यवस्था त्याने एका ओळखीच्या माणसावर सोपवली होती. बायको दोन्ही मुलग्यांना घेऊन हार्बिनला पोहोचली ती २७ ऑक्टोबरला. म्हणजे गोळ्या झाडल्याच्या दुसऱ्या दिवशी. कडेवर एक, हाताला धरलेला एक, अनोळखी गाव, अनोळखी भाषा, आणि स्टेशनवर उतरते तो सगळीकडे पोलीस. नवरा आदल्याच दिवशी त्या स्टेशनवरून पकडून नेलेला.

त्याच्या आईचं नाव चो मारिया. मुलाने अपीलासाठी हात पसरू नयेत, असा तिचा निरोप तुरुंगात गेला म्हणतात, आणि त्याच्यासाठी पांढरे कपडे गेले. ते घालून तो फासावर गेला. तो पांढऱ्या कपड्यांतला फोटो आहे, नातीने दाखवला. मी कपड्यांच्या घड्या बघत राहिले.

थोरला मुलगा लहानपणीच परक्या मुलखात वारला. आई १९२७ मध्ये शांघायला गेली, बायकोही पुढे शांघायलाच गेली. आणि धाकटा मुलगा आन जुन-सेंग. १९३९ मध्ये जपान्यांनी त्याला सोलला नेलं. तिथे त्यांनी इतोच्या नावाने एक देऊळ बांधलं होतं. त्या देवळात त्याला उभं केलं, इतोच्या मुलाची भेट घडवली आणि वडिलांच्या कृत्याबद्दल त्याने माफी मागितली. वर्तमानपत्रांतून ते गाजवलं. किम गुंसारखे स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी त्याच्यावर अतिशय संतापले. हुतात्म्याच्या पोटी हा निपजला, असं त्याच्या माथी बसलं ते कायमचं.

नात म्हणाली, "आजी, मग तो वाईट होता का?"

वर्गात असते तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. मी म्हणाले, "बाप गेला तेव्हा तो दोन-तीन वर्षांचा होता गं."

यावर ती काही बोलली नाही, मीही नाही.

आता आमच्या घरातलं सांगते. नातेवाईकांना यातलं अर्धं ठाऊक आहे, तरी लिहिते. माझे आजोबा, आप्पा, बेचाळीसच्या चळवळीत होते. साताऱ्याकडचं गाव. दोन वर्षं येरवड्याला होते. आजीला आम्ही सगळे काकी म्हणत असू. पदरात चार मुलं, घरात आंधळी सासू. लोक दारावरून जाताना मान वळवून जायचे, कारण बोलताना दिसलं तर पोलीस त्यांच्याही घरी येतील. काकीने लोकांची दळणं दळली. तीही लोक मागच्या दाराने आणून देत.

१९७२ साली सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले, त्यात आप्पांनाही मिळाला. गावाने सत्कार केला. हार, भाषणं, फोटो. मी तेव्हा बी. ए. होऊन नुकतीच गावी आले होते आणि त्या समारंभात मीही पाच मिनिटं बोलले होते. फोटोत सगळे आहेत. काकी नाही. ती आत पंचवीस माणसांचा चहा करत होती. पुढे दर दसऱ्याला चिंच आणि मीठ लावून तो ताम्रपट तीच लख्ख करायची. एकदा मी विचारलं, "काकी, आप्पा तुरुंगात होते तेव्हा तुला काय वाटायचं?"

ती म्हणाली, "वाटायला वेळ कुठं होता? मक्याच्या कण्या खाऊन पोरांची पोटं बिघडली होती, तेवढं आठवतं."

म्हणजे त्या मुलीने प्रश्न विचारला तेव्हा मला उत्तर माहीत होतं. आमच्याच घरात, चुलीपुढे बसलेलं होतं. तीन भाऊ गेल्यावर घरात कोण राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी मी तिला खाली बसवलं. कारण ते पुस्तकात नव्हतं, आणि पुस्तकात नाही तो इतिहास नाही, असं मला कुणी न शिकवताच पटलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, या सिनेमातही कुठे होतं ते? नव्हतंच. त्याचं घर यात दिसत नाही, ही माझी या सिनेमाबद्दलची तक्रार आहे. पण एक आहे. तो इतका गप्प सिनेमा आहे की माणसाला बघता बघता आपलं काहीतरी आठवायला जागा मिळते. टाळ्या वाजवत बसले असते तर ती मागच्या बाकावरची मुलगी मला आठवली नसती.

आन जुंग-गुनचा देह कुठे पुरला ते आजवर सापडलेलं नाही. देश स्वतंत्र झाला की माझ्या अस्थी मायदेशी न्या, असं तो सांगून गेला होता. सोलच्या ह्योचांग बागेत इतर हुतात्म्यांच्या शेजारी त्याच्यासाठी एक कबर बांधून ठेवली आहे. रिकामी. नातीने तिचाही फोटो दाखवला. हिरवळ, नीट राखलेली.

नात परवा परत गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या वेळी तुझ्यासाठी आणखी असले सिनेमे काढून ठेवते." घरातलं कोरियाचं राज्य संपलं आणि पुन्हा वरण-भाताचं सुरू झालं.

ती मुलगी आता पंचावन्नची तरी असेल. कुठे असते, काय करते, ठाऊक नाही. कुठे भेटलीच तर तिला म्हणणार आहे, "उभी राहा. तुझा प्रश्न पुन्हा विचार." मग काकीपासून सुरुवात करीन.